बाई काय म्हणाल्या होत्या

मी आत पाऊल टाकलं तसे प्राचार्य खुर्चीतून उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि माझ्या पाया पडले. माझ्यामागे हुपरीकर होते, ते गडबडून एक पाऊल मागे सरकले. आम्ही दोघं अर्ज घेऊन आलो होतो आणि नकार ऐकायच्या तयारीनं आलो होतो.

"अंकुश धोत्रे," प्राचार्य म्हणाले. "नववी ब, एकोणसत्तर साल. तुम्ही ओळखलं नसेल, बाई."

मी ओळखलं होतं. ते कॉलेजवर रुजू झाले त्याच आठवड्यात पेपरात त्यांचं नाव वाचलं होतं. म्हणूनच चार महिने काही ना काही कारण काढून मी इथं यायचं टाळत होते.

ही २००१ सालची गोष्ट. आमचं गाव कृष्णाकाठचं, तालुक्याचं. हायस्कूलमध्ये सदतीस वर्षं गणित शिकवून मी निवृत्त झाले त्याला दोन वर्षं झाली होती. संध्याकाळी घाटावर आम्ही अकराजण बसायचो. बोलणं साखर, गुडघे आणि सुना यांच्यापलीकडे जात नसे. एकदा हुपरीकर, म्हणजे आमचे जुने पोस्टमास्तर, मध्येच म्हणाले, "बाई, परदेशातून आलेल्या पाकिटांवर मी जन्मभर शिक्के मारले. ते देश कुठं आहेत, मला माहीत नाही." कुणी हसलं नाही. त्यातून पुढं ही कल्पना निघाली. कॉलेज तीननंतर रिकामंच असतं. आठवड्यातून दोन दिवस, दोन तास, तिथल्या प्राध्यापकांनी आम्हा म्हाताऱ्यांना शिकवावं. इतिहास, खगोल, कायदा, जे जमेल ते. परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही. आधीच्या प्राचार्यांनी 'कॉलेज म्हणजे विरंगुळा केंद्र नव्हे' म्हणून अर्ज परत पाठवला होता. आता सगळं या नव्या माणसाच्या हातात होतं.

"बसा ना. आणि मला अहो-जाहो करू नका," अंकुश म्हणाला. अर्ज त्याच्यासमोरच होता. "शिकायला वय नसतं, असं लिहिलंय तुम्ही."

"ते हुपरीकरांनी लिहिलंय," मी म्हणाले.

तो हसला आणि हुपरीकरांकडे वळला. "साहेब, तुम्हाला माहीत नसेल. मी आज या खुर्चीत आहे तो बाईंमुळे. माझ्या वडलांनी मला नववीतून काढलं आणि खाणीवर घातलं. बाईंनी त्यांना सांगितलं होतं, पोरगं हुशार आहे, याला काढू नका. आबांनी ऐकलं नाही. सहा वर्षं मी दगड फोडला. पण ते वाक्य डोक्यातून जाईना. परचुरे बाई मला हुशार म्हणाल्या होत्या. एकविसाव्या वर्षी कोल्हापुरात रात्रशाळेत नाव घातलं, ते त्या वाक्याच्या जोरावर."

हुपरीकरांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या ओळखीत त्यांनी माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं.

मी असं काहीच म्हटलं नव्हतं.

बोलायची वेळ तीच होती. पण शिपाई चहा घेऊन आला, अंकुशनं अर्जावर पेन्सिलीनं 'मान्य' लिहिलं, आणि म्हणाला, "संस्थेशी मी बोलतो. पत्रावर सही मात्र उद्घाटनाच्या दिवशी, सगळ्यांसमोर करू. वीस ऑगस्ट चालेल?"

"चालेल," मी म्हणाले. बाहेर पडल्यावर हुपरीकर म्हणाले, "एवढं मोठं काम केलंत आणि कधी बोलला नाहीत." मी छत्री उघडली. पाऊस नव्हता.

नोंदणी ग्रंथालयाच्या व्हरांड्यात दोन दिवस चालली. हुपरीकर रजिस्टर घेऊन बसायचे, मी शेजारी. त्यांनी एक नियम घातला होता, किमान एस.एस.सी. उत्तीर्ण. मी काही विरोध केला नव्हता. मला त्यात वावगं वाटलं नव्हतं. पहिलंच नाव सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या सिस्टर गोंधळींचं लागलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक उंच, कमरेत वाकलेला म्हातारा टेबलासमोर उभा राहिला. धोतर, टोपी, पायात टायरच्या चपला. हाताची बोटं सरळ होत नव्हती.

"माझं नाव घाला," तो म्हणाला.

"शिक्षण?" हुपरीकरांनी मान खाली घालूनच विचारलं.

"न्हाई."

"नोकरी कुठं होती?"

"गवंडीकाम. ह्या इमारतीचा पाया आमच्याच हातचा. आता हात चालंनात, म्हंजे रिटायरच की."

"आजोबा, इथं एस.एस.सी. लागते. नियम आहे तसा."

"ऐकायला कशाला यस्सेस्सी? कान हायत की."

हुपरीकर हसले. कुचेष्टेनं हसले नाहीत, पण त्यांनी पेनाचं टोपण लावलं. म्हाताऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. थोडा वेळ पाहिलं. मग "बाई" एवढंच म्हणून तो वळला आणि पायऱ्या उतरायला लागला.

मी मागोमाग गेले. फाटकाजवळ गाठलं.

"हणमंतराव, थांबा."

बत्तीस वर्षांपूर्वी मी या माणसाला 'अरे-तुरे' केलं होतं. ते माझ्याहून दहा वर्षांनी मोठे होते.

"अंकुशला माहीत आहे, तुम्ही आलात ते?"

"न्हाई. बोलतो कुठं त्यो माझ्यासंगं." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. "एकाच घरात हाय. जेवान येतं, औषीद येतं, कापडं येत्यात. कशात कमी न्हाई. बोलनं तेवढं न्हाई."

"मी तुम्हाला त्या दिवशी काय म्हटलं होतं, आठवतंय?"

"आठवतंय की." त्यांनी ते माझ्याच भाषेत, एकही शब्द इकडंतिकडं न करता सांगितलं. "'याच्या डोक्यात काही शिरत नाही रे. उगीच फी भरू नकोस. कामाला लाव त्याला.' पेपर तपासत हुता तुमी. मान वर केली न्हाई."

पेपर तपासत होते, हे मला आठवत नव्हतं. शब्द आठवत होते. त्यांच्या बायकोला क्षयानं धरलं होतं, खाणीचा मुकादम पोराला दिवसभराच्या कामावर घ्यायला तयार होता, आणि हा माणूस निर्णय घेण्याआधी शाळेत मला विचारायला आला होता. 'तुमी सांगशीला तसं,' म्हणाला होता.

"मग अंकुशला उलटं का सांगितलंत तुम्ही?"

ते रस्त्याकडे बघत राहिले. "त्ये ऱ्हाऊ द्या. तुमी कुठं बोलू नका, एवढंच सांगायचं हुतं."

"पण हणमंतराव, तो तुमच्यावर…"

"शब्द द्या, बाई. तुमचा एक शब्द म्या मानला हुता."

मी शब्द दिला.

उद्घाटनाला सभागृह भरलं. आमचे नोंदणी केलेले एक्केचाळीसजण पुढच्या रांगांत होते, त्यांच्यामागं प्राध्यापक आणि कुणाकुणाची मुलं-सुना. व्यासपीठावर तीनच खुर्च्या, अंकुशची, माझी आणि हुपरीकरांची. टेबलावर पत्र होतं, त्यावर पितळी वजन ठेवलेलं. हुपरीकरांचं सगळं लक्ष त्या पत्राकडे होतं. त्यांनी इस्त्रीचा कोट घातला होता आणि त्यांना घाम येत होता.

अंकुश चांगलं बोलायचा. सुरुवातीला वर्गाविषयी बोलला, मग माझ्याविषयी. मी ऐकत होते. तो तेच सांगणार हे मला ठाऊक होतं. पण पुढचं ठाऊक नव्हतं.

"माझे वडील आज इथं आहेत," तो म्हणाला. "तिकडं मागं, दाराशी उभे आहेत. मीच गाडी पाठवून बोलावून घेतलंय. त्यांनी ऐकावं म्हणून."

सगळ्या माना मागं वळल्या. हणमंतराव दाराच्या चौकटीला हात लावून उभे होते.

"आबा, एका बाईनं तुम्हाला सांगितलं होतं की याला शिकू द्या. तुम्ही ऐकलं नाहीत. त्याच बाईंच्या हातून आज हा वर्ग सुरू होतोय. माझी सहा वर्षं गेली ती गेली. पण बाईंचे शब्द खरे होते की तुमचा निर्णय, हे तुम्हाला इथं उभं राहून दिसावं, एवढीच माझी इच्छा होती."

आवाज चढला नव्हता. टाळ्या पडल्या, आधी थोड्या, मग सगळ्यांच्या. कुणीतरी मागं बघत चुकचुकलं. हणमंतरावांनी मान खाली घातली नाही. पावसात उभं राहावं तसे ते त्या नजरांत उभे राहिले.

"आता बाई दोन शब्द बोलतील," अंकुश म्हणाला आणि खाली बसला. त्यानं खिशातून पेन काढलं आणि पत्र पुढं ओढलं.

मी उठले. माइक माझ्या उंचीला नव्हता, तो कुणी खाली केला नाही.

"प्राचार्यांनी सांगितलं त्यात एक चूक आहे," मी म्हणाले.

"बाई," हुपरीकर ओठ न हलवता पुटपुटले, "सही व्हायचीय."

"मी यांच्या वडलांना, मुलाला काढू नका, असं सांगितलेलं नाही. ते मला विचारायला आले होते. मी म्हटलं, याच्या डोक्यात काही शिरत नाही, कामाला लाव. त्यांनी माझं ऐकलं."

अंकुश हसला. अगदी प्रेमानं हसला.

"बाई, कळलं मला. तुम्ही आबांना वाचवताय. हा तुमचा मोठेपणा झाला."

मला वाटलं होतं, सांगितलं की संपेल. तो विश्वासच ठेवणार नाही, हे माझ्या मनात आलं नव्हतं.

"अंकुश, सहामाहीला तुला गणितात अकरा मार्क होते. तू दुसऱ्या तासाला झोपायचास. मी तुला उभं करायची, तू उभ्या उभ्या डुलक्या घ्यायचास. पहाटे उठून तू खाणीवर जाऊन येत होतास, हे मला नंतर कळलं. तेव्हा मी विचारलं नव्हतं."

त्याचं हसू तसंच राहिलं, पण डोळ्यांतून गेलं. तो खुर्चीत अर्धा वळला आणि थेट दाराकडे बघून म्हणाला, "आबा?"

त्या दोघांत किती वर्षांनी ही हाक गेली असेल, मला माहीत नाही. भाषणातलं 'आबा' वेगळं होतं.

हणमंतरावांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. ते माझ्याकडे बघत होते.

"बाई," ते तिथूनच म्हणाले, "तुमी शब्द दिला हुता."

एवढं पुरेसं होतं. अंकुशनं पेनाला टोपण लावलं. पत्र घडी करून खिशात घातलं, उठला आणि बाजूच्या दारानं निघून गेला. मी पुन्हा मागं पाहिलं तेव्हा चौकटीतही कुणी नव्हतं.

हुपरीकर माझ्याशी बोलले ते सगळे पांगल्यावर. कोट काढून त्यांनी हातावर घेतला होता.

"खरं होतं ते?"

"हो."

"मग त्यांना खोलीत गाठून सांगायचं. उद्या सांगायचं. सही झाल्यावर सांगायचं." त्यांनी कोट दुसऱ्या हातावर टाकला. "एक्केचाळीस माणसं, बाई. ती सिस्टर गोंधळी रोज विचारते, वर्ग कधी सुरू. तिला घरात कुणी नाही. तिला मी काय सांगू?"

"त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं, म्हणून मीही सगळ्यांसमोर सांगितलं," मी म्हणाले. हे मला पटत होतं आणि पुरतंही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी प्राचार्यांच्या बंगल्यावर गेले. अंकुश कॉलेजात होता. तशीच वेळ साधून गेले होते. हणमंतराव मागच्या अंगणात पाण्याच्या टाकीजवळ बसले होते. त्यांनी मला बसायला सांगितलं नाही.

"माफी मागायला आले मी."

"कशापायी? तवाच्या बोलन्याची? त्याचा राग न्हाई मला. तवाबी नव्हता. तुमी शिकल्याल्या, तुमाला दिसलं ते सांगितलं." ते थांबले. "ह्याचा हाय. शब्द दिऊन मोडलासा त्याचा."

"तुम्हाला सगळ्यांसमोर बोल लावला त्यानं. मला बघवलं नाही."

"मला बघवत हुतं की. बत्तीस वर्सं बघतोय."

मी उभीच होते. थोड्या वेळानं ते आपणहून बोलायला लागले, माझ्याकडे न बघता.

"त्या दिशी शाळंतनं घरी चाललो हुतो. वाटंत इचार केला, पोराला काय सांगू? बाई म्हनल्या तुझ्या डोक्यात काय न्हाई, असं सांगितलं तर त्यो जल्मभर दगडच फोडंल. त्याला तुमचं लई हुतं. घरी आला की, बाई असं म्हनल्या, बाई तसं म्हनल्या. म्हनलं, बा वाईट निघाला तर चालतंय. बावर चिडंल, चिडून कायतरी करंल. पर कुनीतरी एक शिकल्यालं मानूस त्याला हुशार म्हनलंय, हे त्याच्यापाशी ऱ्हाऊ दे. म्हनून सांगितलं, बाई नको म्हनत हुत्या, मीच काढतोय तुला." त्यांनी वाकडी बोटं गुडघ्यावर चोळली. "आनि झालं की तसं. शिकला. आता तुमी त्याच्यापासनं त्ये काढून घेतलंसा."

आत कुकरची शिट्टी झाली, सून बाहेर येऊन चहा घेणार का म्हणाली. मी नको म्हणाले आणि निघाले.

पुढचे बारा दिवस कॉलेजकडून काही नाही. घाटावर मी गेले नाही. सिस्टर गोंधळी दोनदा घरी येऊन गेल्या, काही न विचारता बसून गेल्या. तेराव्या दिवशी कॉलेजचा शिपाई लिफाफा घेऊन आला. आत तेच पत्र होतं, घडीची रेघ तशीच. खाली सही, शिक्का, आणि पहिल्या वर्गाची तारीख, सहा सप्टेंबर. पात्रतेच्या ओळीवर, 'किमान एस.एस.सी. उत्तीर्ण' यावर, शाईची आडवी रेघ मारून बाजूला छोटी सही केली होती. सोबत चिठ्ठी नव्हती. हुपरीकरांनी ती रेघ पाहिली आणि रजिस्टर काढून बेचाळिसावं नाव लिहिलं.

हणमंतराव पहिल्या दिवशी आले नाहीत, दुसऱ्याही नाही. तिसऱ्या वर्गाला आले आणि शेवटच्या बाकावर बसले. माझ्याशी ते महिनाभर बोलले नाहीत. कायद्याच्या तासाला त्यांना झोप लागायची. खगोलाच्या तासाला मात्र ते ताठ बसायचे, आणि सूर्य किती लांब हे ऐकल्यावर त्यांनी विचारलं होतं, "हे कुनी मोजलं? कशानं मोजलं?" त्या प्राध्यापकाला त्याचं उत्तर द्यायला अर्धा तास लागला होता.

वर्ग आजही चालतो. मध्ये एक वर्ष बंद होता, इमारतीचं काम निघालं म्हणून, बाकी चालतो. हुपरीकर गेले, सिस्टर गोंधळी गेल्या, हणमंतराव त्यांच्याही आधी गेले. आता तिथं ओळखीचं कुणी नाही. तरुण साठीची माणसं असतात, मला 'संस्थापक' म्हणून दरवर्षी नारळ देतात. वर्ग कसा सुरू झाला ते सांगा म्हणतात. मी पोस्टमास्तरांच्या पाकिटांची गोष्ट सांगते. ती खरीच आहे. बाकीचं आजवर सांगितलं नव्हतं.

त्याच वर्षी नोव्हेंबरात एकदा वर्ग सुटल्यावर मी बाहेर आले, तर व्हरांड्यात अंकुश उभा. उद्घाटनानंतर आम्ही समोरासमोर आलो नव्हतो.

"आबांना न्यायला आलोय," तो म्हणाला. "अंधार लवकर पडतो हल्ली."

"ते येतायत. प्राध्यापकांना काहीतरी विचारत बसलेत."

आम्ही दोघं तसेच उभे राहिलो. मैदानावर पोरं व्हॉलीबॉलचं जाळं सोडत होती.

"बाई, एक विचारू?" तो त्या पोरांकडे बघत म्हणाला. "खरंच तुम्ही तेव्हा मला ढ समजत होतात?"

हो म्हणणं सोपं होतं. नाही म्हणणं त्याहून सोपं.

"नाही," मी म्हणाले. "मी तुझा विचारच केला नव्हता. माझ्यासमोर चाळीस पेपर होते आणि मला ते संपवायचे होते."

तो व्हरांड्याच्या पायरीकडे वळला. मला वाटलं, आता तो निघून जाईल आणि पुन्हा कधी बोलणार नाही, आणि ते बरोबरच होईल.

"सगळ्यात वाईट तेच आहे," तो शेवटी म्हणाला. "ढ समजला असतात, तर निदान तुमची चूक दाखवून दिली असं तरी म्हणता आलं असतं."

"हो."

"आबांना मी रोज एक प्रश्न विचारायचा ठरवतो. कसं जमलं तुम्हाला, एवढी वर्षं गप्प राहायला. समोर बसलो की विचारवत नाही."

आतून चपलांचा आवाज आला. हणमंतराव दारातून बाहेर आले. मुलगा दिसल्यावर त्यांना आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही, म्हणजे तो काही पहिल्यांदाच आला नव्हता. माझ्याकडे पाहून त्यांनी किंचित मान लववली आणि थेट अंकुशला म्हणाले, "आरं, चंद्र आपल्याभवती फिरतो, आपुन सूर्याभवती. मग चंद्र सूर्याभवती फिरतो का न्हाई?"

अंकुशनं त्यांना पायरी उतरायला हात दिला.

"चला आबा, सांगतो."

दोघं मैदानाच्या कडेनं फाटकाकडे निघाले. वाटेत तीनदा थांबले. अंकुश हवेत हातानं मोठं वर्तुळ काढत होता, त्याच्या कडेला दुसऱ्या हातानं लहान. म्हाताऱ्याला ते पटत नव्हतं. तो मान हलवत होता आणि पुन्हा विचारत होता.